सहासष्ट अक्षरं

आमचे घरमालक समोरच्याचं बोलणं आधी मोजायचे आणि मग ऐकायचे. ऑस्ट्रेलियात वॉलॉंगॉंगला त्यांच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत आम्ही राहायला गेलो, त्या पहिल्याच दिवशी मी दारात उभी राहून त्यांच्या बागेचं तोंडभरून कौतुक केलं. त्यावर थँक यू नाही, काही नाही. डोळे किलकिले करून ते मांडीवर बोटं आपटत राहिले आणि म्हणाले, "एकतीस. बरीच जागा उरली." मग पाण्याचा पाइप उचलून मागे निघून गेले. नवरा म्हणाला, "जागा मस्त आहे, स्टेशन वॉकिंग डिस्टन्सवर आहे, माणूस जरा लूज आहे. चालेल."

चाललं, आणि सात वर्षं चाललं. नवरा ट्रेनने सिडनीला नोकरीला जायचा, मी इथल्या युनिव्हर्सिटीत धातूंवर काम करायची, आणि मधल्या वेळात आमची लेक त्यांच्याकडे असायची. मी त्यांचं नाव लिहीत नाही. स्वतःचं नाव कुठे छापून आलेलं त्यांना मुळीच आवडलं नसतं. समोर मी त्यांना पहिल्या नावाने हाक मारायची, कारण इथली रीतच तशी. घरात मात्र आमच्या तोंडी ते आजोबाच होते, आणि मनातल्या मनात मी त्यांना अहो-जाहोच करत असे. लेक त्यांना पॉप म्हणायची. गेल्या जूनमध्ये, ऐन थंडीत, ते गेले. चौऱ्याऐंशी वर्षांचे होते.

पोर्ट केंब्लाच्या पोलाद कारखान्यात त्यांनी अडतीस वर्षं क्रेन चालवली होती. बायको जाऊन बारा वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. माणूस विक्षिप्त, पण आपल्या विक्षिप्तपणात शिस्तशीर. गवताची कड ते शिवणाच्या कात्रीने कापायचे. कचऱ्याचे डबे रस्त्याच्या कडेला पट्टी लावल्यासारखे एका रेषेत. समुद्र पाच मिनिटांवर, पण त्यांना मी कधी पायाचा अंगठासुद्धा पाण्यात बुडवताना पाहिलं नाही. दर रविवारी दुपारी, म्हणजे त्यांच्या भाषेत 'संडे आर्व्हो'ला, स्वयंपाकघरातल्या टेबलावर चौकटींची वही उघडायची, पेन्सिलीला टोक काढायचं, आणि एकेका चौकटीत एकेक अक्षर लिहीत एक ओळ भरायची. ओळ सहासष्ट चौकटींची. दोन शब्दांमधली रिकामी जागासुद्धा एक अक्षर धरायची. मग ती ओळ वाचायची, मान हलवायची आणि खोडायची. अशा वह्या त्यांच्या कपाटात पस्तीस-चाळीस तरी होत्या.

त्यांची ही खोड लेकीला लागली. शाळेतून बाईंची चिठ्ठी आली, की तुमची मुलगी हुशार आहे, पण मी काही सांगितलं की आकडा सांगते. मी तिला रागे भरले तर म्हणते, "Mumma, that was fifty-two." मला हसावं की रडावं कळेना. आजोबांकडे तक्रार घेऊन गेले. ते गंभीरपणे म्हणाले, की बावन्न नाही, त्रेपन्न असणार, पोर शेवटचा पूर्णविराम विसरते.

हे सहासष्टचं प्रकरण काय आहे, ते मला दोन वर्षांनी कळलं आणि फार वाईट दिवशी कळलं.

ज्या वर्षी सगळ्या सरहद्दी बंद होत्या, त्या वर्षी पुण्यात माझे बाबा गेले. मला जाता आलं नाही. भावाने स्मशानात फोन उंच धरला आणि मी इथे मागच्या पायरीवर बसून बाबांचं सगळं बघितलं. भाऊ म्हणाला, ताई, काही बोलायचंय का बाबांशी? आजूबाजूला गुरुजी, काका, सोसायटीतले लोक. मला एक अक्षर बोलता आलं नाही. फोन बंद झाल्यावरही मी तिथेच बसून राहिले. आमच्या खोल्या आणि त्यांची बाग यांमधल्या कुंपणापलीकडून आजोबा बघत असावेत. ते आले आणि माझ्यापासून हातभर अंतर ठेवून पायरीवर बसले. दोन तास बसले. नळ टपटपत होता, एरवी तो त्यांनी लगेच बंद केला असता. शेवटी त्यांनी विचारलं, की आता कुठे ठेवतील त्यांना? मी सांगितलं, कुठे नाही, राख नदीत सोडतात. हे काही केल्या त्यांच्या पचनी पडेना. म्हणजे जाऊन उभं राहायला जागाच नाही? मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, "माझ्याकडे जागा आहे. माणूस नाही."

मग आत जाऊन त्यांनी भिंतीवरची फ्रेम काढून आणली. ग्रीसच्या दक्षिणेला क्रीट नावाचं बेट आहे. तिथे खाडीच्या काठाला सैनिकांची दफनभूमी आहे, आणि महायुद्धात त्या बेटावर पडलेले त्यांचे वडील तिथे आहेत. तेव्हा आजोबा चार महिन्यांचे होते. बापाने मुलाला पाहिलं नाही आणि मुलाने बापाला. फोटोत एक पांढरा दगड होता, त्यावर नाव, पलटण, तारीख, क्रूस. खालचा भाग दिसत नव्हता, कारण दगडाच्या पायाशी लावलेलं फुलांचं झुडूप वाढून तिथपर्यंत आलं होतं.

दगडाच्या त्या खालच्या भागात घरच्या माणसांनी एक ओळ द्यायची असते. युद्धानंतर सरकारी फॉर्म यायचा, त्यात सहासष्ट अक्षरांपुरती जागा असायची. कोणी देवाधर्मातलं लिही, कोणी नुसतं 'आमचा लाडका'. आजोबा म्हणाले, की आमचा फॉर्म टपालात कुठेतरी गहाळ झाला, ओळ गेलीच नाही, म्हणून ते आता ती तयार करतायत. मी विचारलं, की तुम्ही एवढ्या वर्षांत एकदाही तिकडे गेला नाहीत? त्यांच्याकडे पासपोर्ट होता. दर दहा वर्षांनी ते तो नवा करून घ्यायचे आणि टेबलाच्या खणात ठेवायचे. म्हणाले, ओळ झाल्याशिवाय कसा जाऊ? रिकाम्या हाताने?

हे मला अगदी पटलं. कोणाकडे जाताना हातात काहीतरी हवं, हे आमच्याकडे लहान मुलालाही शिकवावं लागत नाही. त्या दिवसापासून मी त्यांच्या मोजण्याला हसले नाही. उलट कुठे चांगलं वाक्य ऐकलं की त्यांच्यासाठी आणायला लागले. त्यांना एकही चालायचं नाही. एकदा त्यांनी स्वतःच फार साधी ओळ केली होती, 'इथे एक चांगला माणूस आहे'. मी म्हटलं, हीच द्या. त्यांनी पेन्सिल फिरवली. "चांगला होता हे मला काय माहीत?"

बंदी उठल्यावर मी पुण्याला जाऊन आले. भावाने बाबांच्या अस्थींतला थोडा भाग माझ्यासाठी राखून ठेवला होता, तो नदीत सोडला. तरी मनातून काही सुटलं नाही. भाऊ तिकडे तिथीला रीतसर श्राद्ध करतो. मी इथे पितृपक्षात बाबांच्या नावाने एक पान वाढते, एवढंच. त्यासाठी सिडनीतल्या गिरावीनच्या भारतीय दुकानातून अळू आणते, कारण अळूच्या पातळ भाजीशिवाय बाबांचं जेवण झालं असं मला वाटतच नाही. आजोबा जायच्या आदल्या वर्षी मी केळीचं पान मागायला त्यांच्याकडे गेले. त्यांच्या परसात केळी होती. पान कशाला, म्हणून त्यांनी विचारलं आणि मी सांगत बसले. गेलेल्या माणसाला वर्षातून एकदा जेवायला बोलवायचं, त्याच्या नावाने पान मांडायचं, मग ते बाहेर ठेवायचं आणि कावळ्याची वाट बघायची. इथे कावळ्याच्या आधी मॅगपाय पक्षी येतो आणि वडा पळवतो, तेही सांगितलं. लढाईत मेलेल्यांचं काय, असं त्यांनी विचारलं. मी तिथूनच आईला फोन लावला. आई म्हणाली, की शस्त्राने गेलेल्याची तिथी कुठलीही असो, त्याचं चतुर्दशीला करतात.

एवढ्या लांबच्या, कुठल्या कोण माणसांनी लढाईत मेलेल्यांसाठी एक दिवस राखून ठेवलाय, याचं आजोबांना केवढं अप्रूप वाटलं. ते दोन-तीनदा तेच विचारत राहिले. मग कोपऱ्यातलं सगळ्यात मोठं पान कापून माझ्या हातात देत म्हणाले, की माझ्या डॅडलाही बोलवता येईल का? मी म्हटलं, का नाही? परवा चतुर्दशीच आहे. आणि मग, जे आमच्यातलं कोणीही सहज विचारेल, ते मी विचारलं.

"त्यांना काय आवडायचं? ज्याचं पान त्याच्या आवडीचं एक तरी करावं लागतं."

त्यांची बोटं मांडीवर नुसती टेकून राहिली. "मला माहीत नाही," ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "मला कोणी विचारलं नव्हतं." मग कात्री तिथेच गवतात टाकून ते आत गेले. मी हातात पान घेऊन उभी. जिभेला हाड नाही म्हणतात ते माझ्यासारखीसाठीच. शहाणी असते तर खीर करीन म्हणाले असते आणि विषय संपवला असता.

चतुर्दशीला मी खीर केली, उडदाचे वडे केले, आमसुलाची चटणी केली, बटाटे भाजून ठेवले, कारण बटाटे तर इथे सगळेच खातात. सकाळी दहाला या, असं मी त्यांना सांगून ठेवलं होतं. आजोबा आले नाहीत. मी पान मांडलं, त्यांच्या वडिलांचं नाव घेतलं आणि पान कुंपणाजवळ नेऊन ठेवलं. चार वाजता ते आले. टाय लावला होता, हॅट हातात होती. खुर्ची पुढे केली तर बसले नाहीत. जे सांगितलं ते उभ्यानेच सांगितलं.

"फॉर्म टपालात गहाळ झाला नाही. मी पाठवलाच नाही. नऊ वर्षांचा होतो. आई लॉन्ड्रीत काम करायची, तिला आपल्या लिहिण्याची लाज वाटायची. म्हणाली, तुझं अक्षर चांगलं आहे, तुझा बाप आहे, तू लिही. आठवडाभर मी पेन्सिल घेऊन बसलो. ज्याला बघितलंच नाही त्याच्याबद्दल काय लिहायचं? फॉर्म गादीखाली सारला आणि आईला सांगितलं, पाठवला."

पुढे मुदत गेली. फोटो आला तेव्हा त्यांचा जीव टांगणीला लागला होता. पण फुलांनी नेमकी तेवढीच जागा झाकली होती. आईने फोटो भिंतीवर लावला आणि येईल-जाईल त्याला सांगितलं, की खाली माझ्या मुलाने लिहिलेली ओळ आहे. अनेक वर्षांनी हॉस्पिटलमध्ये, अगदी शेवटी, ती म्हणाली, ओळ म्हणून दाखव. यांनी चर्चमध्ये ऐकलेलं काहीतरी म्हणून दाखवलं. आई हसली आणि दुसऱ्या दिवशी गेली.

मी त्यांना म्हटलं, की अजून त्या ऑफिसला विचारता येईल, कदाचित आताही ओळ घालून देतील. ते म्हणाले, "हो म्हणाले तर? मग लिहावी लागेल." थंड झालेली खीर त्यांनी उभ्याउभ्या वाटीभर खाल्ली, वाटी स्वतः विसळून ठेवली आणि गेले.

त्यानंतर त्यांचं मोजणं थांबलं. रविवारची वही बंद झाली. लेक मुद्दाम मोठमोठी वाक्यं बोलायची आणि त्यांच्या तोंडाकडे बघत राहायची, ते नुसते तिच्या केसांवरून हात फिरवायचे. एवढी वर्षं ज्या सवयीला आम्ही हसलो, तिच्याच आधाराने हा माणूस उभा होता, आणि ती मी काढून घेतली, असं मला वाटायचं. अजूनही वाटतं. नवरा म्हणतो, तसं काही नाही, वय झालं होतं. असेल. पुढच्या उन्हाळ्यात, म्हणजे इथल्या डिसेंबर-जानेवारीत, त्यांना छातीचं दुखणं जडलं आणि मे उजाडेपर्यंत ते हॉस्पिटलच्या वॉर्डमधून घरी आणि घरून वॉर्डमध्ये असेच होते.

नेमकी त्याच वेळी माझी एक परिषद निघाली, तीही क्रीटला. मला हा योग वाटला, त्यांना मात्र ऐकून काही आनंद झाला नाही. चार दिवस त्यांनी विषय काढला नाही. निघायच्या आदल्या दिवशी मी वॉर्डमध्ये भेटायला गेले तर तिकडचं हवामान विचारलं, बॅगेचं वजन विचारलं, विमान कुठे बदलायचं ते विचारलं. ताकाला जाऊन भांडं लपवणं चाललं होतं. मीच म्हटलं, की मी जाणार आहे तिथे, काय नेऊ?

"काही नको, मेट. फुलं बाजूला कर आणि खाली काय आहे ते मला दाखव."

मी म्हटलं, पण खाली काय आहे ते तर तुम्हाला माहीत आहे. त्यांनी छताकडे बघत हळूहळू जे सांगितलं, ते त्यांनी आयुष्यात कुणालाही सांगितलं नसावं. गादीखाली ठेवलेला तो फॉर्म पुढे त्यांना तिथे सापडला नव्हता. गादी आईच झाडायची. तिला सापडला असेल का? सापडून तिने कोणाकडून तरी भरून घेऊन पाठवला असेल का? शेवटी ती हसली, ती कशाला हसली? पंचाहत्तर वर्षं हा माणूस त्या झुडपामागे ओळ असेल या आशेवर आणि नसेल या भीतीवर जगला होता. तिथे न जाण्याचं खरं कारण हे होतं. मी फोन काढला, म्हटलं आत्ता नेटवर शोधू. त्यांनी माझं मनगट धरलं. असं नाही, तिथे जाऊन.

क्रीटला परिषदेच्या तिसऱ्या दिवशी सकाळी मी टॅक्सीने तिथे गेले. उतारावर पांढऱ्या दगडांच्या रांगा, मागे ऑलिव्हची झाडं, पुढे निळं पाणी. गवताच्या कडा सरळ कापलेल्या. आजोबांना ते आवडलं असतं. लांबवर एक माळी काम करत होता. रांग आणि क्रमांक त्यांनी मला लिहून दिला होता, दगड लगेच सापडला. पायाशी आता दुसरं कुठलं तरी जांभळ्या फुलांचं झुडूप होतं. मी आधी फोन लावला नाही. वाकून फुलं बाजूला केली.

खाली काही नव्हतं. स्वच्छ, कोरा दगड.

मी तशीच उकिडवी बसून राहिले. खोटं काय सांगायचं, माझ्या मनात आलं. व्हिडिओपुरती रेंज नाही म्हणून सांगावं आणि ओळ आहे म्हणावं. पुसट झालीय, पण आहे, त्यांच्या आईने दिलेली, 'तुझा मुलगा आणि मी' अशी काहीतरी. माणूस दोन-चार दिवसांचा सोबती. कोणाचं काय बिघडणार होतं? पण मरणाऱ्या माणसाला अशी ओळ म्हणून दाखवली की मागे राहणाऱ्याचं काय होतं, ते मी सात वर्षं कुंपणाच्या अलीकडून बघितलं होतं. मी फोन लावला. तिकडे दुपारचे चार वाजले होते. नवरा लवकर सुटून वॉर्डमध्ये बसला होता, त्याने फोन आजोबांच्या तोंडासमोर धरला. नाकाला ऑक्सिजनची नळी होती. मी काही न बोलता कॅमेरा दगडाकडे फिरवला, वरून नाव दाखवलं, तारीख दाखवली, मग एका हाताने फुलं बाजूला केली आणि धरून ठेवली.

मग त्यांचा आवाज आला, अगदी साधा.

"म्हणजे तिला माहीत नव्हतं. बरं झालं." आणि मग, "मी काही बोललो तर चालतं का तिथे? तुमच्यात काय करतात?"

मी म्हटलं, आमच्यात फार काही नसतं, नाव घ्यायचं आणि आपण त्यांचे कोण ते सांगायचं. हे म्हणताना आठवलं, माझ्यासाठी भावाने असाच फोन धरला होता आणि मी एवढंसुद्धा म्हटलं नव्हतं. मी फुलं सोडली, गवतात गुडघे टेकले आणि दोन्ही हातांनी फोन दगडासमोर धरला.

त्यांनी वडिलांचं नाव घेतलं, मग स्वतःचं. म्हणाले, मी तुझा मुलगा. फॉर्म आईने नाही, मी ठेवून घेतला, तिला बोल लावू नकोस. मग खोकल्याची उबळ आली. नवरा म्हणाला, थांबा, रेस्ट करा. ते थांबले नाहीत. अडतीस वर्षं क्रेन चालवली, कधी कोणाच्या अंगावर काही पडू दिलं नाही, म्हणाले. लग्न केलं, ती शीळ फार छान घालायची. मूल हवं होतं, झालं नाही. मला पाण्याची भीती वाटते. चहा मी बिनदुधाचा पितो. मटणाचे चॉप कडेला करपलेले आवडतात. पोरं आवडतात. सकाळची पाळी आवडायची, कारण वर क्रेनमध्ये सूर्य सगळ्यांच्या आधी मला दिसायचा. थोडं थांबून आणखी काही आठवलं की तेही सांगायचे. माझे हात भरून आले होते, पण मी फोन हलू दिला नाही.

शेवटी त्यांचा श्वास पुरेना. ते थांबले. मला वाटलं संपलं, आता फोन वळवावा. तेवढ्यात पुन्हा त्यांचा आवाज आला.

"मला काय आवडतं ते सांगितलं," ते म्हणाले. "आता तू सांग, डॅड."

आणि ते ऐकत राहिले. फोन दगडाकडे धरून मी तशीच बसून राहिले.